लाटा, गप

मोठ्या मॅडमना दर महिन्याला एक कल्पना सुचायची आणि ती निस्तरायची पाळी बाकीच्यांवर यायची. मागच्या महिन्यात अंतराळ सुचलं होतं. तेव्हा बालवर्गातल्या पोरांना चंदेरी कागदात गुंडाळून, डोक्यावर प्लास्टिकच्या बादल्या घालून जिन्यावरून चंद्रावर चढवलं होतं. दोघं घामाघूम होऊन रडली आणि एकानं चंद्रावरच शू केली. पालकांना फोटो फार आवडले. फोटोत घाम दिसत नाही, आणि शू पुसून झाल्यावरच फोटो काढला होता.

या महिन्यात समुद्रकिनारा सुचला.

"मुलांना प्रत्यक्ष अनुभव द्यायचाय," मॅडम बैठकीत म्हणाल्या. बैठक म्हणजे मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेल्या बायका, आणि मोठ्या खुर्चीत एकट्या मॅडम. "नुसतं चित्रातून नको. वाळू, पाणी, शिंपले. पाचही इंद्रियांनी समुद्र कळला पाहिजे."

समुद्र तिथून रात्रभराच्या बसच्या अंतरावर होता. हे कुणी बोललं नाही.

चिमण्यांच्या ताईनं मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. त्या शाळेत वर्गांना पक्ष्यांची नावं होती आणि शिकवणाऱ्या बायकांना वर्गांची. हिचं तोंड तिखट आहे ही ख्याती अशी पसरलेली, की तिनं ते मिटून धरलं तरी मॅडम तिच्याचकडे बघून बोलायच्या.

"वाळू डोळ्यात जाते, मॅडम," पोपटांची ताई म्हणाली. "आणि माझ्या वर्गातला एक जण हाताला लागेल ते नाकात घालतो."

"मग वाळू नको," मॅडम म्हणाल्या.

"पाण्यानं फरशी निसरडी होते. शिवाय सर्दीचे दिवस आहेत."

"पाणीही नको मग. शिंपले?"

"गिळतील."

शिंपलेही गेले. एकेक करून बायकांनी समुद्र समुद्रातून काढून टाकला आणि जे उरलं त्याला प्रत्यक्ष अनुभव असं नाव दिलं. उरली होती व्यायामाच्या खोलीतली पिवळी फोमची गादी. ती किनारा. जुन्या स्नेहसंमेलनातलं निळं सॅटिनचं कापड, तो समुद्र. शिंपले पोपटांची ताई कागदातून कापणार होती. हिला चिमण्यांची ताई मनातल्या मनात कागदवाली म्हणायची. जगातली कुठलीही वस्तू कागदातून कापली, तिच्यावर तिचं नाव लिहिलं आणि वरून प्लास्टिकचं कवच चढवलं, की ती शिकवून झाली, अशी त्या बाईची गाढ श्रद्धा होती. भिंतीवर सूर्य लागणार होता. सूर्याला गॉगल असणार होता, कारण उन्हाचा त्रास सूर्यालाच होतो.

"आणि वासाचं काय?" कागदवालीनं विचारलं.

मॅडमनी पिशवीतून एक फवारा काढला. सागरी झुळूक, असं त्यावर लिहिलं होतं. त्यांनी तो हवेत मारला आणि सगळ्यांनी मान डोलावली. चिमण्यांच्या ताईला तो वास ओळखीचा होता. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या संडासात तोच मारतात.

हे सगळं तिनं नाक मुरडून सोडून दिलं असतं, जसा चंद्र सोडून दिला होता. पण यात तिची स्वतःची पोर सापडली होती.

पोर चार वर्षांची, घरचं लाडाचं नाव टिल्ली, आणि आईच्याच वर्गात. शाळेचा नियम असा, की दारातून आत पाऊल टाकलं की आई नाही, ताई म्हणायचं. बाकीच्या मुलांच्या आया घरी असतात, त्यांना वाईट वाटायला नको. टिल्लीनं तो नियम पहिल्याच आठवड्यात उचलला. सकाळी फाटकापर्यंत "आई, माझी चप्पल टोचते" आणि फाटकाच्या आत "ताई, माझी चप्पल टोचते." एकदा पडून गुडघा फुटला तेव्हाही ती ताईच म्हणाली. मॅडमनी तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. तिच्या आईला मात्र ते लागलं होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

तर या टिल्लीनं अजून समुद्र पाहिला नव्हता, आणि तिच्या आईचे वडील समुद्राकाठीच राहत होते. जन्मभर त्यांनी खाडीतून माणसं पलीकडे नेणारी लाँच चालवली होती. नातीला समुद्र दाखवायचा बेत दोनदा ठरला आणि दोनदा फिसकटला, एकदा पोरीला कांजिण्या आल्या म्हणून आणि एकदा मॅडमना स्नेहसंमेलन आलं म्हणून. आता येत्या रविवारचं पक्कं झालं होतं. वडिलांनी फोनवर एकच अट घातली होती.

"तिला समुद्र मी दाखवणार," ते म्हणाले होते. "चित्रंबित्रं बघितली असतील तर असू देत. पण तू शिकवायला जाऊ नकोस. तुला ती खोड आहे. आधी तिला बघू दे. मग ती काहीतरी विचारेल. मग मी सांगेन. तुलाही मी असाच दाखवला होता."

"मी काय विचारलं होतं, बाबा?"

"ते राहू दे माझ्याजवळ."

तिची स्वतःची आई गेल्यापासून बाबांनी कशाचाच हट्ट धरला नव्हता. जेवायला काय करू विचारलं तर चालेल काहीही, राहायला या म्हटलं तर बघू. हा एवढा एक हट्ट धरलान म्हातार्‍यानं, आणि तोही नातीकडून एक प्रश्न ऐकायचा. तिनं शब्द दिला होता. आणि शाळेचा समुद्रकिनारा होता शनिवारी. दुसऱ्या दिवशी सकाळी खरा.

बैठक उठल्यावर ती मॅडमकडे गेली. टिल्लीला शनिवारी घरी ठेवते म्हणाली, कारणही सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला. चष्मा काढला की त्या समजूतदार होतात असा त्यांचा समज होता. "अहो, ताई, आपल्याच शाळेतल्या बाईनं आपली मुलगी घरी ठेवली तर पालक काय म्हणतील? आणि मग पहिलं कोण जाणार?"

हा तिथला दुसरा नियम, न लिहिलेला. कुठलाही नवा प्रकार आधी बायकांच्या पोरांवर करून बघायचा. टिल्लीनं बादली डोक्यात घातली की बाकीची घालतात. टिल्ली बोगद्यातून गेली की बाकीची जातात. बोगदा कोसळलाच तर तक्रार करायला कुणाचे आईबाप दारात येणार नाहीत, ही त्यातली खरी सोय.

"आणि उलट चांगलंच की," मॅडम म्हणाल्या. "आजोबांकडे जायच्या आधी तिची पूर्वतयारी होईल."

चिमण्यांची ताई तिथून निघाली ती दात आवळून. मग जिना उतरता उतरता तिनं स्वतःची समजूत घातली. असल्या भंपकपणाला कुठलं पोर समुद्र समजणार आहे? गॉगलवाला सूर्य आणि संडासातली झुळूक. चार वर्षांच्या लेकराला गादी आणि वाळू यातला फरक कळतो. तो कळत नाही फक्त मोठ्या खुर्चीत बसणाऱ्यांना. या कानानं ऐकेल, त्या कानानं सोडेल. शेवटी लेक कुणाची आहे.

शुक्रवारी हॉलमध्ये तालीम झाली. कागदवाली आणि पोपटांची मावशी निळ्या कापडाची दोन टोकं धरून उभ्या होत्या. मावशी म्हणजे वर्गात मदतीला असणारी बाई, तिचे हात दुखत होते, आणि कागदवालीला हात वर केले की ब्लाउज आखडत होता. समुद्र दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा लोंबत होता. स्पीकरवर लाटांचा आवाज लावलेला, आणि त्यात मधूनच एक पुरुष येऊन कंबरदुखीच्या तेलाची जाहिरात करून जात होता. मुलं गादीवर बसून एकमेकांचे मोजे ओढत होती.

इथे शहाणपणा असता तर तिनं ते तसंच राहू दिलं असतं. वाईट झालं असतं, विसरलं गेलं असतं, आणि तिचं काम आपोआप झालं असतं. पण या बाईचा एक मोठा दोष होता, तिला पाट्या टाकता येत नसत. दुसऱ्याचं गचाळ काम बघितलं की तिच्या हातांना खाज सुटायची. समुद्राचीच लेक ती. चादर हलवून लाटा म्हणतात या बायका, हे तिला बघवेना. मॅडम दारात उभ्या आहेत हेही तिनं पाहिलं होतं. मनाशी म्हणाली, यांना दाखवतेच.

"आणा इकडे," ती म्हणाली.

तिनं स्पीकर बंद केला. कापडाच्या कडेनं मुलांना उभं केलं, प्रत्येकाच्या मुठीत कड दिली आणि तोंडानं आवाज काढायला लावला, दूरची लाट म्हणजे नुसता श्वास, जवळची लाट म्हणजे ओठ फुगवून. "आधी लांबून येते हं. हळू. खांद्याच्या वर हात न्यायचे नाहीत. आता पोट फुगलं तिचं. आता फुटली." निळं कापड तिच्या बोटांच्या तालावर फुगलं, वाकलं आणि पसरत पसरत गादीच्या कडेला येऊन मऊ पडलं. हॉलमध्ये एकदम शांतता झाली. नाकात सगळं घालणाऱ्यानंसुद्धा बोट बाहेर काढलं.

"थांबायची काहीतरी खूण हवी," मॅडम दारातून म्हणाल्या. त्या जराशा हेलावल्या होत्या, आणि हे तिला दिसलं, आणि तिला त्याचं बरं वाटलं. "नाहीतर मुलं ओढत सुटतील."

"खूण देते," ती म्हणाली आणि टिल्लीला बोलावून गादीवर उभं केलं. "टिल्ली, असा तळहात वर करायचा. सरळ. आणि मोठ्यानं म्हणायचं, लाटा, गप."

टिल्लीनं तळहात वर केला. "लाटा, गप."

कापड जागच्या जागी पडलं. वीसएक पोरं हात खाली सोडून पुतळ्यासारखी उभी राहिली. टिल्लीनं आपल्या तळहाताकडे पाहिलं, मग समुद्राकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिच्या आईनं कौतुक म्हणून वाचलं.

शनिवारी पालक आले, मोबाइल वर करून उभे राहिले आणि डोळ्यांनी काही न बघता सगळं घेऊन गेले. टिल्लीनं अनेकदा समुद्र थांबवला. एका मुलाला लाट थांबली नसतानाच गादीवर यायचं होतं तर तिनं त्याला दरडावलं, "रांगेत. मी तीन मोजते हं." आवाज थेट आईचा, उतार-चढावासकट. पालक हसले. शिंपले वाटण्यात आले, प्रत्येकावर शिंपला असं लिहिलेलं. मॅडमनी चिमण्यांच्या ताईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगदी खरा समुद्र उभा केलात." ती चक्क लाजली. मॅडमची अक्कल काय लायकीची आहे हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, तरी लाजली. संध्याकाळी बसमध्ये बसेपर्यंत ते शब्द तिनं चघळले.

नवऱ्याला सुट्टी नव्हती. मायलेकी दोघीच पहाटे उतरल्या. बाबा थांब्यावर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून. घरी त्यांनी चहा टाकलेला नव्हता. म्हणाले, चहा नंतर. आधी तिकडे.

नातीला पाठुंगळी घेऊन ते गल्लीनं निघाले. वाटेत कुणी भेटलं, कुठे निघालात म्हणालं, तर बाबांनी नुसती मान हलवली. चिमण्यांची ताई मागून बॅग सांभाळत चालत होती. शेवटच्या घराच्या भिंतीपाशी वळण होतं. ते घेतलं की एकदम समोर सगळं.

बाबांनी टिल्लीला खाली ठेवलं, तिचे बूटमोजे काढले आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले. हात पाठीमागे बांधले. एवढी वर्षं त्या पाण्यावर काढलेला माणूस, पण पाण्याकडे बघत नव्हता. पोरीच्या तोंडाकडे बघत होता.

टिल्लीनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान वळवली आणि आजोबांना नाही, आईला विचारलं.

"ताई, गादी कुठेय?"

"टिल्ली, मी आई आहे. आपण शाळेत नाही."

पोरीनं एकदा समुद्राकडे आणि एकदा तिच्याकडे असं बघितलं, की समुद्र आहे तर शाळा नाही कशी. पायानं वाळू उकरली. एक खरा शिंपला निघाला, तिनं तो दोन्ही बाजूंनी तपासला आणि टाकून दिला. "याच्यावर नाव नाही," ती म्हणाली.

बाबांनी पाठीमागचे हात सोडले.

"आजोबा, असं मधे उभं नाही राहायचं. रांगेत या."

बाबा रांगेत आले. एकट्याचीच रांग, इस्त्रीच्या शर्टाची. चिमण्यांच्या ताईला तिथल्या तिथे वाळूत गाडून घ्यावंसं वाटलं. टिल्ली पाण्याच्या दिशेनं चार पावलं गेली, पाय फाकवून उभी राहिली आणि तळहात वर केला.

"लाटा, गप."

लाट आली. तिच्या मागून दुसरी निघालीच होती.

"लाटा, गप म्हटलं ना. ताई आता रागावणार हं." तो सूर, ते हेल, शेवटच्या हं वरची ती गोड धमकी. शाळेतल्या हॉलमध्ये तो आवाज किती छान वाटायचा. इथे एवढ्या मोठ्या पाण्यासमोर तो ऐकताना तिला स्वतःची किळस आली. "मी तीन मोजते. एक. दोन."

"कुणी शिकवलं हे?" बाबांनी हळूच विचारलं. रांग न मोडता.

"शाळेत काहीतरी कार्यक्रम होता," ती म्हणाली. "त्यांच्या डोक्यात काय येईल त्याचा नेम नाही. ती मॅडम म्हणजे..."

"शाळेत कुणी?"

तिच्या तोंडाशी मॅडम होती, कागदवाली होती, सागरी झुळूक होती. इतकी वर्षं त्या बायकांची टिंगल करून तिचं पोट भरत आलं होतं. आज त्यातलं काही बाहेर पडेना.

"मी," ती म्हणाली. "मीच शिकवलं, बाबा. त्यांना धड जमत नव्हतं."

बाबांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते पोरीकडे बघत राहिले, आणि त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाची कॉलर एका बाजूनं दुमडली गेली होती, ती नीट करायलाही तिचा हात पुढे होईना.

"तीन," टिल्ली म्हणाली.

लाट तिच्या गुडघ्यांवर फुटली. परत जाताना तिनं पायाखालची वाळू ओढून नेली आणि टिल्ली दाणकन पाण्यात बसली. नाकातोंडात खारट पाणी गेलं.

"आई," तिनं भोकाड पसरलं. "आई गं, आई."

दोघंही धावली. आईनं तिला उचलून छातीशी घेतलं. पोर चिंब, थरथरत, सगळं तोंड नाकाच्या पाण्यानं माखलेलं, आणि आई, आई चाललेलं. एवढ्या सगळ्या नाचक्कीत तिच्या आईला तेवढं मात्र सुख झालं, आणि त्या सुखाचीही तिला लाज वाटली.

"तू काय विचारलं होतंस, सांगू?" बाबा म्हणाले. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. "तू विचारलं होतंस, इथे शू कुठे करायची. म्हटलं, कर कुठेही, एवढ्या पाण्यात कुणाला पत्ता लागत नाही." ते जरा हसले. "मला वाटलं होतं, ही त्याहून बरं काहीतरी विचारेल."

ती हसली नाही. तिला रडू येत होतं. टिल्लीनं तेवढ्यात आईच्या खांद्यावरून डोकं उचललं, तोंड पुसलं आणि समुद्राकडे अशा रागानं बघितलं, जसं वर्गातल्या दांडगट पोराकडे बघतात.

"तो ऐकत नाही," ती म्हणाली.

"माझंही नाही ऐकलं कधी," बाबा म्हणाले. "मी तर त्याच्याकडे जन्मभर कामाला होतो."

टिल्लीचं रडणं थांबलं. आईच्या हातातून ती खाली उतरली आणि आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. हा माणूस तिला त्या दिवशी पहिल्यांदाच नीट दिसला असावा.

"मग तो कुणाचं ऐकतो?"

चिमण्यांच्या ताईला याचं उत्तर येत होतं. चंद्र येत होता, भरती-ओहोटी येत होती, गोष्टीतून कसं सांगायचं तेही येत होतं. चंद्रासाठी मागच्या महिन्यातला पुठ्ठा अजून कपाटावर होता. तिनं खाली वाकून गुडघ्यांवर हात ठेवले, आवाजात तो हेल आणला आणि तोंड उघडलं.

बाबांनी तळहात वर केला. सरळ, नातीनं दाखवला होता तसा.

ती गप झाली.

मग ते इस्त्रीच्या कपड्यांनिशी ओल्या वाळूत नातीशेजारी मांडी घालून बसले आणि सावकाश बोलायला लागले. काय सांगितलं, ते लाटांच्या आवाजात तिच्यापर्यंत आलं नाही. विचारायची तिची छाती झाली नाही. टिल्लीचे बूटमोजे हातात धरून ती मागे उभी राहिली.